घडीचा चाकू (रानातील वापर)

घडीचा चाकू म्हणजे ज्याचे पाते मुठीतील खोबणीत मिटवून ठेवता येते असा लहान चाकू. पाते मिटलेले असताना धार झाकली जाते, त्यामुळे तो म्यानाशिवाय खिशात, कमरेच्या पिशवीत किंवा शबनममध्ये बाळगता येतो. शेतीकाम, गुराखीकाम, वनोपज गोळा करणे, पदभ्रमण, स्काऊट शिबिरे आणि रानातील मुक्काम यांत या अवजाराचा उपयोग होतो. या लेखात घडीच्या चाकूची रचना, वापर, निगा आणि त्यासंबंधीचे कायदे यांची माहिती मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात दिली आहे.

नाव आणि संज्ञा

'चाकू' हा शब्द फार्सीतून मराठीत आला आहे. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'क्षुरिका' या शब्दापासून बनला असून तो मुख्यतः स्वयंपाकघरातील स्थिर पात्याच्या अवजारासाठी वापरतात. मिटणाऱ्या चाकूला बोलीत 'घडीचा चाकू', 'मिटणारा चाकू' किंवा 'खिशातला चाकू' असे म्हणतात. न्हाव्याचा वस्तरा हाही घडीचाच असतो, परंतु त्याचे पाते अतिशय पातळ असल्यामुळे लाकूडकामास तो निरुपयोगी ठरतो. उत्तर प्रदेशातील रामपूर शहराच्या नावाने ओळखला जाणारा 'रामपुरी' हाही घडीचाच चाकू होय. हिंदी चित्रपटांमुळे तो गुन्हेगारीशी जोडला गेला आणि त्याची सावली या जातीच्या साध्या, कामाच्या चाकूंवरही पडली.

'रान' या शब्दाचा अर्थही येथे लक्षात घ्यावा लागतो. मराठवाड्यात 'रानात जाणे' म्हणजे बहुधा शेतात जाणे; जंगल, माळ आणि पडीक जमीन यांनाही रानच म्हणतात. बोलीत या साऱ्यांना एकच शब्द असला तरी कायद्याच्या दृष्टीने स्वतःचे शेत, राखीव वन आणि अभयारण्य ही तीन वेगळी ठिकाणे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी चाकू बाळगण्याचे व वापरण्याचे नियम वेगळे आहेत.

इतिहास

मिटणाऱ्या चाकूची कल्पना प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे लोहयुगातील, इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातील, हाडाची मूठ असलेला घडीचा चाकू सापडला आहे. रोमन काळातही असे चाकू प्रचलित होते. या जुन्या चाकूंत पाते आणि मूठ यांना जोडणारा एकच खिळा असे आणि पाते केवळ घर्षणाने जागेवर राहत असे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवलेले चाकू बनू लागले. या कमानीच्या दाबामुळे उघडलेले पाते सहज मिटत नाही आणि मिटलेले पाते आपोआप उघडत नाही.

पुढील काळात काही देशी नमुने जगभर ओळखले जाऊ लागले. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा शेतकरी-चाकू तयार केला. त्याच्या मुठीवर पाते अडवणारी फिरती धातूची कडी १९५५ मध्ये बसवण्यात आली. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये लष्कराला घडीचे चाकू पुरवण्यास सुरुवात केली व १८९७ मध्ये अनेक अवजारे असलेल्या अधिकारी-चाकूची नोंदणी केली. जपानमध्ये मिकी या गावातील 'हिगोनोकामी' हा पितळी वा लोखंडी पत्र्याच्या मुठीचा चाकू शाळकरी मुले पेन्सिल तासण्यासाठी वापरत. या सर्वांत समान गोष्ट अशी, की ते शस्त्र म्हणून नव्हे तर रोजच्या कामाचे अवजार म्हणून घडवले गेले.

दख्खनच्या पठारावर उत्तम पोलादाची परंपरा जुनी आहे. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निझामाबाद भागात, कोनासमुद्रम या गावी, 'वुट्झ' नावाने जगप्रसिद्ध झालेले मुशीतील पोलाद तयार होत असे व ते घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथे येत. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे पोलाद बनवणारा हा मुलूख आणि मराठवाडा एकाच राज्यात होते.

गावपातळीवर मात्र शेतीची अवजारे लोहार आणि घिसाडी हेच घडवत आले आहेत. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक, तर घिसाडी हा गावोगाव फिरून पाल टाकणारा, भाता आणि ऐरण सोबत बाळगणारा भटका कारागीर समाज होय. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ ही त्यांची मुख्य निर्मिती. घडीचा चाकू त्यांच्या कामात क्वचितच येतो, कारण त्यात कमान, खिळा आणि पाते यांचे माप काटेकोर जुळावे लागते. त्यामुळे या भागातील घडीचे चाकू प्रामुख्याने बाहेरून आलेले, आठवडी बाजारात किंवा हार्डवेअरच्या दुकानात विकत घेतलेले असतात. त्यांना धार लावणे आणि त्यांची दुरुस्ती ही कामे मात्र स्थानिक कारागिराकडून करून घेता येतात.

रचना

घडीच्या चाकूचे पुढील भाग असतात.

पाते: धार, पाठ आणि टोक हे त्याचे तीन भाग. रानकामासाठी ६ ते ९ सेंटिमीटर लांबीचे पाते पुरेसे असते. यापेक्षा लांब पात्यामुळे बारीक कामातील ताबा कमी होतो.

नखाची खाच: पाते बाहेर ओढण्यासाठी पात्याच्या वरच्या भागात केलेली लहान खाच.

खिळा: पाते ज्याभोवती फिरते तो आस. हा सैल झाला की पाते डावीकडे-उजवीकडे हलते आणि चाकू असुरक्षित होतो.

कमान: मुठीच्या पाठीतील पोलादी पट्टी.

खटका किंवा कडी: काही चाकूंत उघडलेले पाते पक्के अडवून धरणारी व्यवस्था असते. केवळ कमानीवर चालणाऱ्या चाकूत ती नसते.

मूठ: लाकूड, शिंग, हाड, पितळ किंवा प्लास्टिकची. ओल्या हातातून न निसटणारी आणि तळहातात भरणारी मूठ चांगली समजली जाते.

पात्याचे पोलाद ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर आणि बारीक लागते, परंतु ते गंजते. कैरी, चिंच किंवा लिंबू कापल्यावर त्यावर काळसर डाग पडतात. हा थर गंज नसून तो काही प्रमाणात पात्याचे संरक्षणच करतो. न गंजणाऱ्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. पावसाळ्यात त्याची निगा सोपी असते, परंतु स्वस्त प्रतीचे असे पोलाद मऊ असल्याने त्याची धार लवकर बसते. लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून जी पाती घडवतात ती कार्बन पोलादाच्या वर्गात मोडतात.

नांदेड आणि लातूरची वनसृष्टी

चाकू कोणत्या कामाला पुरेल हे हाती येणाऱ्या लाकडावर अवलंबून असते. नांदेड जिल्ह्यातील बहुतांश वने किनवट व माहूर या तालुक्यांत, पैनगंगा नदीच्या परिसरात आहेत. ही शुष्क पानझडी वने असून त्यांत साग, धावडा, ऐन, सालई, मोह, तेंदू, चारोळी, पळस, बेहडा, बिब्बा आणि बांबू आढळतात. या भागात गोंड, कोलाम आणि आंध या आदिवासी जमातींची वस्ती आहे. माहूरगड, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि इस्लापूरजवळील सहस्रकुंड धबधबा या ठिकाणांमुळे येथे पदभ्रमण करणाऱ्यांची ये-जा असते.

लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला असून महाराष्ट्रातील सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. येथे झाडे मुख्यतः शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी आणि गायरानात दिसतात. बाभूळ, हिवर, बोर, कडूनिंब, पळस, शिंदी आणि सीताफळ ही त्यांतील नेहमीची. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. ज्या जिल्ह्यात झाडेच मोजकी आहेत, तेथे उभ्या झाडाची फांदी केवळ सरावासाठी किंवा गंमत म्हणून छाटणे हे चाकूच्या चांगल्या वापरात बसत नाही. बांधाबांधावर पडलेली वाळकी काडी अशा सरावास पुरेशी असते.

लाकडांचे गुणधर्म वेगवेगळे आहेत. सालई आणि पांगारा यांचे लाकूड मऊ असून नवशिक्याला तासण्यास सोपे जाते. निरगुडीच्या सरळ काड्या ओल्या असताना सहज कापल्या जातात. बाभूळ आणि धावडा यांचे वाळलेले लाकूड अतिशय कठीण असते व त्यावर लहान पात्याची धार दुमडते. सागाच्या लाकडात आणि बांबूच्या सालीत सिलिका असते. त्यामुळे ही दोन्ही तासताना पाते लवकर बोथट होते.

रानातील उपयोग

बांबू व कामट्या: अंगठ्याएवढ्या जाडीच्या बांबूच्या कामट्या घडीच्या चाकूने काढता येतात. पेराच्या मधोमध पाते टेकवून ते हलक्या हाताने पुढे दाबत नेले की बांबू स्वतःच्या धाग्याने चिरत जातो. चिरलेल्या कामटीची कड पात्याइतकीच धारदार असते, म्हणून ती लगेच पाठीने घासून बोथट करावी. जाड बांबूसाठी बुरूड कारागीर वापरतात तसे जड पातेच हवे.

खुंट्या व खाचा: पाल किंवा ताडपत्री ताणण्यासाठी लागणाऱ्या खुंट्यांना टोक काढणे आणि दोरी अडकवण्यासाठी खाच पाडणे हे चाकूचे नेहमीचे काम. खाच पाडताना प्रथम एक आडवा छेद घ्यावा आणि मग त्याच्या दिशेने तिरका छेद घेऊन ढलपा काढावा, म्हणजे काडी फाटत नाही.

आगटी पेटवणे: पावसाळ्यात किंवा दवात भिजलेले लाकूड आतून बहुधा कोरडे असते. साल काढून आतील लाकडाचे पातळ, कुरळे ढलपे त्याच काडीला चिकटलेले ठेवत तासले की काडीला पिसारा फुटल्यासारखा दिसतो. असा पिसारा एका काडीने पेटतो. हिवाळ्यात ज्वारीच्या हुरड्यासाठी शेतात गोवऱ्यांची आगटी करतात, तेथेही सुरुवातीला असे ढलपे उपयोगी पडतात.

दोर व बांधणी: अंबाडी, घायपात किंवा नायलॉनचे दोर कापणे, जनावराच्या गळ्यात अडकलेली दावण तोडणे आणि कडब्याच्या पेंढ्यांचे बंध सोडणे. अडकलेल्या जनावराची दोरी कापताना पात्याची पाठ जनावराकडे आणि धार बाहेरच्या दिशेला ठेवतात.

कलमे: घडीच्या चाकूचा शेतीतील सर्वांत काटेकोर वापर कलम करण्यासाठी होतो. केसर आंब्याचे कलम करणे किंवा बोरीवर डोळा भरणे यासाठी वापरला जाणारा चाकू लहान असतो व त्याचे पाते बहुधा एकाच बाजूने घासलेले असते. काप एका फटक्यात आणि सपाट यावा लागतो. खडबडीत काप जुळत नाही. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून पाते मधूनमधून स्पिरिटने पुसतात. हा चाकू इतर कामांसाठी वापरू नये.

इतर कामे: कडूनिंब किंवा बाभळीची दातवणे काढणे, फळे सोलणे, ऊस तासणे, पायातील काटा काढण्यापूर्वी चपलेतील काट्याचे टोक छाटणे, पत्रावळीसाठी पळसाच्या पानांचे देठ समान करणे.

काही वनस्पतींबाबत सावधगिरी आवश्यक आहे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने तिच्या काडीला काही टोचून भाजू नये किंवा तिची चमच्यासारखी भांडी करू नयेत. रुई, शेर आणि निवडुंगाच्या जातीतील वनस्पती यांचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या फळातील तेलाने त्वचेवर फोड येतात. अशा वनस्पतींवर चाकू चालवल्यास पाते आणि हात धुतल्याशिवाय त्याच चाकूने फळ कापू नये.

चाकूची मर्यादा

घडीचा चाकू कुऱ्हाड, कोयता किंवा विळा यांचे काम करू शकत नाही. त्याच्या खिळ्यावर आणि कमानीवर मर्यादित ताणच पेलतो. पुढील गोष्टी टाळाव्यात.

पात्याच्या पाठीवर दगड किंवा लाकूड ठोकून ओंडका फोडणे. यामुळे खिळा सैल होतो किंवा पाते एकाएकी मिटते.

टोकाने भोसकणे अथवा भोक पाडणे. खटका नसलेल्या चाकूचे पाते अशा वेळी बोटांवर मिटते. घडीच्या चाकूने होणाऱ्या गंभीर जखमांचे हे एक नेहमीचे कारण आहे. भोक पाडण्यासाठी आरी वापरावी.

डबा उघडणे, स्क्रू पिळणे किंवा दगड उचकटणे. पात्याचे टोक सर्वांत पातळ असल्याने तेथेच ते तुटते.

पाते झाडावर फेकून मारणे. यात चाकू बिघडतो, झाडाची साल जखमी होते आणि उसळून आलेला चाकू माणसाला लागू शकतो.

सुरक्षित हाताळणी

भारतात शालेय मुलांना चाकूची शिस्त शिकवण्याचे काम प्रामुख्याने स्काऊट चळवळीने केले. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. स्काऊट शिक्षणात जगभर रूढ असलेले आणि घरगुती अनुभवातूनही सिद्ध झालेले नियम पुढीलप्रमाणे आहेत.

चाकू उघडण्यापूर्वी मिटलेला चाकू हातात धरून हात ताठ पसरावा आणि स्वतःभोवती फिरावे. या वर्तुळात कोणी येत नसेल तरच पाते उघडावे. कोणी जवळ आल्यास काम थांबवून पाते मिटावे.

धार नेहमी अंगापासून दूर जाईल अशी चालवावी. ज्या हाताने लाकूड धरले आहे तो पात्याच्या मागे असावा, पुढे नव्हे.

मांडीवर लाकूड ठेवून तासू नये. मांडीच्या आतील बाजूने मोठी रोहिणी जाते. ती कापल्यास काही मिनिटांत प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. बसून काम करताना दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवून हात मांड्यांच्या पुढे ठेवावेत किंवा लाकूड एखाद्या ओंडक्यावर टेकवावे.

चाकू दुसऱ्याला देताना मिटवूनच द्यावा. उघडा चाकू हातात घेऊन चालू नये.

पाते मिटताना बोटे खोबणीच्या तोंडावर नसावीत. तळहाताने पात्याच्या पाठीवर दाब देऊन ते मिटावे.

बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा अधिक धोकादायक असतो. बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर जास्त लागला की पाते निसटते.

अंधारात आणि थकलेल्या अवस्थेत तासकाम करू नये. मुक्कामातील लाकडाची कामे सूर्यास्तापूर्वी उरकणे इष्ट.

जखम व सर्पदंश

चाकू लागल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब द्यावा व तो भाग वर उचलून धरावा. दाब देत असताना वारंवार कापड उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. माती आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, म्हणून शेतात किंवा गोठ्याजवळ झालेल्या जखमेनंतर धनुर्वाताच्या लसीबाबत आरोग्य केंद्रात विचारावे. धनुर्वात गंजामुळे होतो हा समज चुकीचा आहे. चकचकीत परंतु मातीने माखलेल्या पात्यानेही तो होऊ शकतो. जखमेवर हळद, चुना, तंबाखू किंवा राख भरू नये.

सर्पदंशाच्या वेळी चाकूचा वापर हा स्वतंत्र आणि महत्त्वाचा विषय आहे. दंशाच्या जागी चिरा देऊन रक्त काढावे किंवा विष चोखून काढावे असा समज ग्रामीण भागात अजूनही आहे. असे केल्याने विष बाहेर पडत नाही. मराठवाड्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आढळतात. त्यांपैकी घोणस आणि फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा रुग्णाला दिलेली चीर वाहतच राहते आणि ती साप चावण्याइतकीच घातक ठरू शकते. चिरा दिल्याने स्नायुबंध व नसा कापल्या जाण्याचा आणि जंतुसंसर्गाचाही धोका असतो. योग्य उपाय असा: रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव काठी किंवा कामटीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठी, कडे, वाळे आदी काढावे, घट्ट आवळपट्टी बांधू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. या प्रसंगी चाकूचे काम आधारासाठी कामटी काढणे आणि कापडाच्या पट्ट्या कापणे एवढेच आहे.

धार लावणे

धार लावण्याच्या दगडाला मराठीत निसणा म्हणतात. पूर्वी कुरुंदाचे नैसर्गिक दगड वापरत. आता बाजारात सिलिकॉन कार्बाइडचे दोन बाजूंचे, एक जाड व एक बारीक कणांचे, दगड मिळतात. पाते दगडावर सुमारे २० अंशांच्या कोनात टेकवावे. हा कोन अंदाजाने साधण्यासाठी पाते प्रथम दगडावर काटकोनात उभे धरावे, मग निम्मे आणि पुन्हा निम्मे कलते करावे. उरलेला कोन सुमारे साडेबावीस अंशांचा असतो. दगडाचा पातळ थर काढल्यासारखे पाते पुढे सरकवावे. दोन्ही बाजूंना सारख्या वेळा घासावे. एका बाजूने घासताना धारेच्या दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कड उमटते. ती बोटाच्या पेराला आडवी जाणवली की बाजू बदलावी. शेवटी बारीक दगडावर हलके हात देऊन पाते चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, ओढावे.

सायकलवर किंवा पायाने फिरणाऱ्या चाकावर धार लावून देणारे कारागीर अजूनही गावोगाव फिरतात. कोरड्या, वेगवान चाकावर पातळ पाते तापून निळे पडले तर त्या जागेचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाची कठीणता जाते आणि तेथे धार टिकत नाही. म्हणून चाकावर घासताना पाते वरचेवर पाण्यात बुडवण्यास सांगावे. धार तपासताना बोट धारेच्या लांबीवर फिरवू नये. कागदाची कड कापून पाहणे सुरक्षित.

निगा

वापरानंतर पाते पुसून कोरडे करावे, विशेषतः फळे कापल्यावर. खोबणीत साठलेली माती व भुसा काडीने काढावा. त्यामुळे पाते पूर्ण मिटत नाही आणि टोक बाहेर राहते. खिळ्यात शिवणयंत्राचे तेल एक-दोन थेंब टाकावे. घरात सहज मिळणारे प्रत्येक तेल यास चालत नाही. लातूर व नांदेड परिसरात होणाऱ्या करडई आणि जवस यांची तेले हवेत हळूहळू वाळून चिकट थर बनवतात, त्यामुळे ती खिळ्यात टाकल्यास पाते जड होते. मात्र याच गुणामुळे जवसाचे तेल लाकडी मुठीला लावण्यास उत्तम असते. दोन-तीन हात दिल्यास मूठ पाणी धरत नाही. मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात लाकडी मूठ आकसते व पावसाळ्यात फुगते, म्हणून पावसात पाते आवळल्यासारखे वाटल्यास ते जोराने न ओढता मूठ सावलीत वाळू द्यावी. कार्बन पोलादाच्या पात्यावर पावसाळ्यात खोबरेल तेलाचा पुसट हात द्यावा.

कायदेशीर बाबी

शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियम यांनुसार ९ इंचांहून (सुमारे २२.९ सेंटिमीटर) लांब किंवा २ इंचांहून (सुमारे ५.१ सेंटिमीटर) रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्रांच्या वर्गात मोडतात; घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे यातून वगळली आहेत. कामाचा साधा घडीचा चाकू या मापांपेक्षा पुष्कळ लहान असतो. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये सार्वजनिक शांततेसाठी प्रतिबंधात्मक आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे बाळगण्यास मनाई असते. यात्रा, सण आणि निवडणुकीच्या काळात अशा आदेशांची माहिती घेणे इष्ट. विमानात हातातील सामानात चाकू नेता येत नाही. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमुळे परिचित असलेली शिखांची कृपाण ही धार्मिक वस्तू असून तिला संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात स्थान आहे. घडीच्या चाकूशी तिचा संबंध जोडू नये.

वनक्षेत्रातील नियम अधिक कडक आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शस्त्र' या संज्ञेच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख असून तेथे पात्याच्या लांबीची कोणतीही अट नाही. याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या पूर्व लेखी परवानगीशिवाय कोणत्याही शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. त्यामुळे शेतात निर्धोकपणे वापरला जाणारा बोटभर चाकू पैनगंगा अभयारण्याची हद्द ओलांडताच कायद्याने शस्त्र ठरतो. पदभ्रमण करणाऱ्यांनी प्रवेशद्वारावरच वनकर्मचाऱ्यांना विचारून चाकू तेथे ठेवावा अथवा आधी लेखी परवानगी घ्यावी. अभयारण्यात आग लावण्यासही कायद्याने मनाई आहे.

राखीव वनात झाड तोडणे, फांद्या छाटणे, साल काढणे आणि विस्तव पेटवणे या गोष्टींना भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार बंदी आहे. उन्हाळ्यात साग आणि तेंदूचा पालापाचोळा जमिनीवर साचलेला असताना एका ठिणगीने वणवा पसरू शकतो, हे या बंदीमागील एक कारण होय. दुसरीकडे, वनहक्क अधिनियम, २००६ ने वननिवासी अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचा बांबू, तेंदूपत्ता, मध यांसारख्या गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. किनवट व माहूर परिसरातील रहिवाशांना ज्या कामासाठी वनात पाते वापरण्याचा हक्क आहे, तो बाहेरून सहलीला आलेल्या व्यक्तीला आपोआप मिळत नाही. वनक्षेत्राबाहेर उगवलेला बांबू मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन अधिनियमाच्या व्याख्येत 'वृक्ष' राहिलेला नाही, त्यामुळे कामट्या काढण्याचा सराव करायचा झाल्यास शेतातील बांबू हाच सोयीचा आणि निर्वेध पर्याय ठरतो.